वाटेत काय पाहिलंस?

"ह्यांना दिसत नाही, हे तिला एवढ्यात कळता कामा नये. माहेरी जाऊन एक शब्द बोलली, तर घाट गेलाच म्हणून समज."

"कळलं तरी बोलणार कुणाशी, आई? लग्नाला दोन महिने झाले, माझ्याशी अजून दहा शब्द बोललेली नाही."

कुडाआड मेखला तांदूळ पाखडत होती. अकरा शब्द झाले होते. पण ते सांगायचे तर आणखी दोन-तीन खर्ची पडले असते. ती पाखडत राहिली.

हे बोलणे ज्या काळातले, त्या काळी कुंदपुरात शीलवर्मा नावाचा राजा राज्य करीत होता, आणि बोधिसत्त्व तिथल्या मंदा नदीवर नावाड्याच्या कुळात जन्म घेऊन आता म्हातारा झाला होता. सोमला ही त्याची बायको, पूर्णक मुलगा, आणि मेखला नवी सून. सुकाणू धरणाऱ्याचे डोळे शाबूत असतील तोवरच घाट त्याच्या कुळाकडे राहील, असा राजाचा नियम होता. पूर्णकचे हात वल्ह्याला उत्तम होते. पण सुकाणू हाती आले, की तो नाव हमखास वाळूत रुतवी. म्हणून घरच्यांनी तोंडे मिटून घेतली होती. बोधिसत्त्वाला कुणी विचारले नव्हते, म्हणून त्याने सांगितले नव्हते. एवढ्याने काही खोटे होत नाही, असे तो स्वतःला समजावी. पण ते त्याला रोज समजवावे लागे.

त्याच्या नावेची एक रीत होती. नावेत पाय ठेवणाऱ्याला तो विचारी, "वाटेत काय पाहिलंस?" ज्याने त्याने काही एक सांगायचे, मग नाव सुटायची. डोळे चांगले होते तेव्हा तो हे हौसेने विचारी. डोळे गेल्यावर तेच त्याचे डोळे झाले. पाणी कुठवर चढले, कोणती दरड ढासळली, हे त्याला येणाऱ्याजाणाऱ्यांच्या तोंडून कळे.

मेखला रोज सासऱ्याची शिदोरी घेऊन घाटावर येई आणि नावेच्या टोकाशी बसून राही. एकदा एक परटीण म्हणाली, "नावाडीबाबा, धुण्याच्या दगडावर सरडा बसला होता. शेपूट तुटलेलं, पण ऐट बघाल तर सेनापतीची!"

"ऐट शेपटीत नव्हती तर," बोधिसत्त्व हसून म्हणाला. "बरं झालं सांगितलंस. आज मला हेच हवं होतं."

दुसऱ्या दिवशी एक गुराखी म्हणाला, की म्हातारी गाय चढावर थांबते, तेव्हा वासरेही थांबतात आणि आपणच दमल्यासारखे दाखवतात. त्यावर बोधिसत्त्व अर्धी नदी संपेपर्यंत पूर्णकच्या वल्ह्याचा आवाज ऐकत राहिला. मेखलेला वाटे, ह्या नावेत माणसे नुसती पलीकडे जात नाहीत, काहीतरी ठेवूनही जातात. पण तिला दुसरेही दिसत होते. नावाडीबाबा चांगल्या गोष्टीला मान डोलावतात, हे लोकांना ठाऊक झाले होते. त्यामुळे हल्ली जो तो पाहिलेले थोडे सजवून सांगे. चिमणीचा मोर व्हायला वेळ लागत नसे.

शरदातल्या एका सकाळी नदीवर धुके उतरले होते. पाणी कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होते, ते कळत नव्हते. वल्ह्याचा आवाज दुसऱ्याच कुणाच्या नावेतून यावा तसा येत होता. नावेत वीस माणसे होती. एक बाळंतीण तान्ह्या लेकीला घेऊन सासरी निघाली होती. आणि राजाचा घाटाधिकारी भद्रघोष होता. काठावर त्याला वेळ नव्हता, म्हणून त्याने आपले सांगणे नाव सुटल्यावर सांगितले.

"काय पाहिलं म्हणता? हे काय, आत्ताच बघा! समोर मधल्या धारेत राजहंस तरंगताहेत. दहा-बारा तरी असतील. वा!"

तरंगतात, म्हणजे पाणी खोल आहे. बोधिसत्त्वाने निर्धास्तपणे नाव तिकडे वळवली. धारेला जोराची ओढ होती.

मेखलेने पाहिले. धुक्यात पांढरे काही होते खरे. पण ते हलत नव्हते. त्यांच्या खाली काटक्यांसारखे पाय होते, आणि पाणी घोट्याएवढे होते. वरच्या मुलखातल्या पुराने वाळू इथे आणून टाकली होती. ह्या ओढीत नाव वाळूवर आडवी लागली, तर उलटणार. आणि आपण बोललो, तर अधिकाऱ्यादेखत सगळे उघडे पडणार. तिने पूर्णककडे पाहिले. तो धारेला पाठ करून वल्हवत होता. बाळंतिणीची लेक झोपेत हसली.

"मामंजी, ते हंस नाहीत! बगळे आहेत. उभे आहेत!"

बोधिसत्त्वाने क्षणाचाही विलंब न लावता सुकाणू दाबले. नाव एका अंगावर कलली, तळ वाळूला खरवडून गेला, आणि ती खोल पाण्यात आली. बगळे सावकाश उडाले.

"म्हणजे तुम्हाला दिसलं नाही?" भद्रघोषाने विचारले.

"धुकं आहे, महाराज," पूर्णक घाईने म्हणाला. "ह्यात कुणाला दिसणार?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. एवढ्यावर भागले असते; घाटही राहिला असता. मेखलेने सासऱ्याकडे पाहिले. त्याचा चेहरा शांत होता, पुष्कळ दिवसांचे ओझे खाली ठेवावे तसा.

"धुकं आजचं आहे," बोधिसत्त्व म्हणाला. "मला तीन वर्षं दिसत नाही. तुम्ही सांगता त्यावर मी नाव नेतो. हे आधीच सांगायला हवं होतं."

नावेत एकच गलका झाला. "आमचे जीव आंधळ्याच्या हाती!" कुणी ओरडले. कुणी अधिकाऱ्याला म्हणाले, "आणि तुमचे ते हंस?" नाव काठाला लागली, तिथे सोमला वाट पाहत होती. तिला सगळे कळले, आणि ती मटकन वाळूत बसली.

"नियम तो नियम," भद्रघोष म्हणाला. पण हंसांमुळे त्याचा आवाज पडला होता. "बोला, उद्या ही नाव कोण नेणार?"

तेव्हा मेखला उठली, आणि जे बोलायचे ते बोलली. ते ऐकून आधी बाळंतीण हसली, मग भद्रघोषालाही हसू आवरेना. घाट त्याच कुळाकडे राहिला.

आपल्या पूर्वजन्माची ही कथा विहारात सांगून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा भद्रघोष म्हणजे भिक्षेहून परतल्यावर वाटेतल्या गोष्टी रंगवून सांगणारा हा तुमचा सोबती. सोमला आणि पूर्णक म्हणजे विहाराला रोज दूध पोचवणारी मायलेकरे. सून म्हणजे मागे खांबापाशी बसलेली, सभेत कधी न बोलणारी ती भिक्षुणी. आणि उशिरा का होईना, खरे बोललेला तो नावाडी मीच होतो. त्या जन्मी मी सत्य पूर्णत्वाला नेण्याची पारमिता जपली. पण तिचा पहिला शब्द माझा नव्हता."

मग एका भिक्षूने विचारले, की त्या सकाळी ती उठून काय बोलली. खांबापाशी बसलेली भिक्षुणी खाली पाहू लागली, म्हणून शास्त्यांनीच सांगितले. ती म्हणाली होती:

"मामंजींना नदी कळते आणि मला दिसतं. उद्यापासून मी पुढे बसून सांगेन, ते सुकाणू धरतील. फक्त मला बोलायची फारशी सवय नाही, तेव्हा बाकीच्यांनी जरा गप्प बसावं."