बाकाखालची थोरली

माणूस गाडीच्या टपावर ऊन साठवायला शिकला, तेव्हाची ही गोष्ट. हिराजी तांडेल आणि नागूबाई अशाच गाडीत राहून खाडीत मासे धरत. बाकाखालची थोरली बॅटरी सोलरचं ऊन पिई आणि हिराजीच्या कपाळावरच्या दिव्यातल्या धाकट्या बॅटरीला रोज भरवी.

एकदा आभाळ भरून आलं. थोरली फणकारली, "रोज पोटभर खाऊन जातेस नि रिकामी परत येतेस! आज काही मिळायचं नाही."

"रिकामी कुठे, ताई? आज पहाटे अंड्यांनी, गाभोळीने भरलेली मासळी गळाला लागली. हिराजीने माझ्या उजेडात तिचा गळ अलगद सोडवला नि तिला पाण्यात सोडलं. तिने शेपटी मारली, तेव्हा पाणी चांदीसारखं लखलखलं."

थोरलीने जन्मभर बाकाखालचा अंधारच पाहिला होता.

"घे," ती हळूच म्हणाली, "पोटभर घे. पण उद्या आल्या आल्या मला सगळं सांग."