कुरणाचं नाणं

फार जुन्या काळी, डोंगराळ मुलखातल्या एका राज्यात गावाला जमीन इनाम द्यायची एक रीत होती. राजा आपल्या हातानं गावाला एक नाणं देई. ते नाणं ज्या गावाकडे, इनाम त्या गावाचं.

गडाच्या पायथ्याशी धनगरांचं एक गाव होतं. त्यांच्या मेंढ्या चरत ते कुरण असंच जुन्या राजानं दिलेलं होतं. पुढे त्या राजाचा नातू गादीवर आला आणि त्याच्या एका सरदाराचा डोळा त्या कुरणावर गेला. त्याला तिथे आपले घोडे चारायचे होते, म्हणून त्यानं कुरणाला कुंपणही घातलं.

तो दरबारात म्हणाला, "महाराज, या लोकांकडचं नाणं खोटं आहे. आपल्या आजोबांची नाणी पांढऱ्याशुभ्र चांदीची. यांच्या नाण्याचा रंग तरी बघा."

राजानं गावाला बोलावणं धाडलं. गावाची कारभारीण तानाई नाणं घेऊन आली. तिनं ते राजासमोर ठेवलं आणि दरबारात कुजबुज सुरू झाली. नाणं राखेच्या रंगाचं होतं आणि त्यात फिकट गुलाबी झाक होती. असलं नाणं कुणी पाहिलंच नव्हतं.

खोटं नाणं बाळगणाऱ्या गावाला त्या राज्यात हद्दपारीची शिक्षा होती. तरी तानाई मान वर करून उभी राहिली.

राजानं नाण्यांची पारख करणाऱ्या म्हाताऱ्या पोतदाराला पुढे बोलावलं. त्यानं नाणं कसोटीच्या दगडावर घासलं, तोललं, उजेडात धरलं. मग म्हणाला, "महाराज, मला हे ओळखता येत नाही."

सरदार हसला. "पोतदारांनाही ओळखता येत नाही, म्हणजे खोटंच."

"तसं मी म्हणालो नाही," पोतदार शांतपणे म्हणाला. "हे निव्वळ चांदीचं नाही, एवढं खरं. पण ते कशाचं आहे हे कळेपर्यंत मी त्याला खोटं म्हणणार नाही."

त्यानं नाणं दगडी फरशीवर टाकलं. चांदीच्या नाण्याचा नाद त्याच्या ओळखीचा होता. हे मात्र कांशाच्या घंटेसारखं बारीक, गोड आवाजात बराच वेळ वाजत राहिलं. पोतदार कान देऊन ऐकत होता. तो तानाईकडे वळला.

"बाई, तुमच्या गावानं कधी गडावर कांशाची भांडी दिली होती का?"

तानाई चकित झाली. "होय जी. आमच्या आजेसासूबाई सांगायच्या. जुन्या महाराजांच्या गडाला शत्रूनं वेढा घातला होता. तेव्हा गावानं घराघरातली ताटं, वाट्या, देवळातली घंटासुद्धा चोरवाटेनं वर पोचवली. पुढे त्यांचं काय केलं, ते कुणाला ठाऊक नाही."

"मला वाटतं, मला ठाऊक आहे," पोतदार म्हणाला. "महाराज, जुन्या टांकसाळीतले ठसे मागवा."

खजिन्यातून जड लोखंडी ठसे आणले गेले. वेढ्याच्या वर्षाचा ठसा पोतदारानं पुसून राजापुढे धरला. त्यावरच्या चंद्रकोरीच्या टोकाला बारीक तडा गेलेला होता. मग त्यानं नाणं त्याच्याशेजारी धरलं. नाण्यावरही चंद्रकोरीच्या टोकाशी, बरोबर त्याच जागी, केसाएवढी रेघ उमटलेली होती.

"या ठशाखेरीज ही रेघ उमटणार नाही," पोतदार म्हणाला. "वेढ्यात गडावरची चांदी सरत आली होती आणि शिपायांचा पगार थकला होता. आजोबामहाराजांनी उरलेल्या चांदीत या लोकांची भांडी आणि घंटा वितळवून मिसळली आणि त्याची नाणी पाडली. म्हणून हा रंग. शिपाई टिकले, गड टिकला, आणि त्यातलंच एक नाणं त्यांनी या गावाला दिलं. महाराज, हे नाणं खरं आहे."

राजा सिंहासनावरून उतरला. त्यानं नाणं उचलून कपाळाला लावलं आणि तानाईच्या हातात दिलं.

"बाई, मी आज या गादीवर आहे तो तुमच्या घरातल्या ताटवाट्यांमुळे," तो म्हणाला. "कुरण तुमचं आहे, आणि गडापर्यंतचा उतारही आजपासून तुमचाच."

सरदारानं घातलेलं कुंपण त्यालाच काढावं लागलं, तेही साऱ्या गावादेखत. राजानं गावाच्या देवळासाठी नवी घंटा ओतवून दिली. ती बसवायच्या दिवशी ढोल वाजवत गावानं पोतदाराला पालखीतून मिरवत नेलं. म्हातारा लाजून पुन्हा पुन्हा उतरू पाहत होता, पण भोई काही पालखी खाली ठेवेनात. मेंढ्यांचे कळप मोकळ्या कुरणात पसरले, आणि तानाईनं मान वळवून गडाकडे डोळे भरून पाहिलं.

बोध: जे आपल्याला ओळखता येत नाही, ते पारखून पाहिल्याशिवाय खोटं ठरवू नये.