पडद्यावरची जाळी

पत्रे दाबायच्या कारखान्यात भानुदास मशीनमध्ये सापडून गेला, त्याला अजून तेरा दिवसही झाले नव्हते. चौकशीला आलेल्या निरीक्षक शिंत्रेबाईंसमोर मॅनेजर देवस्थळींनी स्लाइड शो लावला. देवस्थळींना ॲनिमेशनचा भारी सोस. त्यांच्या पडद्यावर अक्षरंसुद्धा कोलांट्या मारत यायची.

पहिल्या स्लाइडवर भानुदासचा हसरा फोटो उमलला. चौथीत शाळा सोडलेला त्याचा धाकटा भाऊ रोहिदास मागच्या खुर्चीत ओठ चावत बसला होता. दुसऱ्या स्लाइडवर मशीन आलं आणि पापणी लवायच्या आत वरून संरक्षक जाळी टपकन त्यावर बसली.

“हा अपघाताच्याच सकाळचा फोटो,” देवस्थळी म्हणाले. “जाळी जागेवर होती. भानुदासनं ती उचलून हात घातला. चूक त्याची.”

रोहिदास ताडकन उठला. “साहेब, मागचं बटण दाबा की एकदा.”

“तुला काय कळतं रे यातलं?”

“काही नाही कळत. म्हणून तर म्हणतो, दाबा.”

शिंत्रेबाईंनीच बटण दाबलं. जाळी भुर्रकन वर उडाली. खाली फोटोतलं मशीन उघडंच होतं.

“बाई, साहेबांनी जाळी बसवली खरी,” रोहिदास म्हणाला, “पण पडद्यावर. माझा दादा मशीनवर होता.”

शिंत्रेबाई भराभर लिहू लागल्या. रोहिदासनं पुढे होऊन तेच बटण पुन्हा दाबलं. मशीन गेलं, भानुदास हसत परत आला.

“आता पुढचं बटण कुणी दाबू नका,” तो म्हणाला आणि पडद्यासमोर मटकन खाली बसला.