वेशीबाहेरचा वकील

"वेशीबाहेर जन्मलेल्या प्रत्येकानं उद्या दुपारपर्यंत पळसगड सोडावा!" अशी दवंडी फिरली. कारण काय, तर एका परगावच्या पाहुण्यानं जैतराव राजाला सोंगट्यांत सलग तीनदा हरवलं होतं. प्रधानजींनी राणीसाहेबांचा चेहरा बघून 'गावातल्या सुना वगळून' एवढं घाईघाईनं जोडून घेतलं, म्हणून बरं.

कात्रीत सापडली चणे-फुटाणे भाजणारी भिवरा भडभुंजीण. बारा वर्षांपूर्वी नदीनं गाव गिळलं, तेव्हा ती सासूला घेऊन इथं आली होती. सासूला आता दोन पावलं चालवत नव्हतं. तिला उचलून जायचं तरी कुठं? भिवरा तडक दरबारात गेली.

"महाराज, चोरालासुद्धा शिक्षेआधी बोलू देतात. माझंही ऐका."

"उपऱ्यांना इथं बोलायचा हक्क नाही," राजा म्हणाला. "त्यांच्या वतीनं वकील बोलतो."

"मग आणते वकील."

राजाला गंमत सुचली. "आण. पण तोही वेशीबाहेरच जन्मलेला हवा, आणि त्याला हाकलायची माझ्या एकाही शिपायाची छाती होता कामा नये!"

सगळा दरबार खदखदला. भिवरा मात्र गावभर फिरली. शास्त्रीबुवांनी खोकला झाल्याचं सांगितलं आणि आठवण झाल्यावर खोकून दाखवलं. बाहेरून आलेल्या वैद्यबुवांनी तर "मी इथलाच" म्हणून दारच लावून घेतलं.

सकाळी ती हताश होऊन परतत होती. शेजारच्या सोनारांच्या दारात बैलगाडी उभी होती. थोरली सून गाडीत बसत होती आणि सासू बजावत होती, "जपून जा गं, पहिलटकरीण आहेस."

"कुठं निघाली?" भिवरानं विचारलं.

"माहेरी. पहिलं बाळंतपण दुसरीकडं कुठं होतं?"

भिवरा जागीच थांबली आणि मग एकटीच हसत सुटली.

दुपारी राजानं विचारलं, "कुठाय तुझा वकील?"

"दरबारातच आहे. फक्त आईसाहेबांना एक विचारू?"

"विचार."

"आईसाहेब, महाराज आपले थोरले. त्यांचा जन्म कुठला?"

पडद्याआडून राजमाता म्हणाल्या, "माझ्या माहेरचा, सोनतळ्याचा. सव्वा महिन्याचा झाल्यावर इथं आणला. वाटभर रडला."

प्रधानजीही घरात थोरलेच. ते उगाच पागोटं सारखं करू लागले.

भिवरानं सिंहासनाकडे हात केला. "हे माझे वकील. वेशीबाहेर जन्मलेले. आता कुणाची छाती असेल त्यानं हाकलावं!"

शिपाई आपापल्या पायांकडे बघू लागले. राजाच्या मिशा थरथरल्या आणि तो पोट धरून हसू लागला. मग सिंहासनावरून उतरून तो भिवराशेजारी उभा राहिला आणि रिकाम्या सिंहासनाला हात जोडून म्हणाला, "महाराज, या बाईची भट्टी बारा वर्षं आपल्या गावात पेटते आहे. तिला आणि तिच्यासारख्या सगळ्यांना राहू द्यावं."

पुन्हा वर जाऊन बसला. "वकिलाचं म्हणणं पटलं. दवंडी मागे घ्या! आणि भिवरा, वेशीजवळचं चौसोपी घर आजपासून तुझं. बाहेरून येईल त्याला त्याचा हक्क तू सांगायचास आणि त्याच्या वतीनं इथं बोलायचंस."

"सांगेन, बोलेनही," भिवरानं मुजरा केला. "आणि महाराज, आपलंही कधी अडलं तर संकोच करू नका. आपणही बाहेरचेच!"

राजा पुन्हा हसायला लागला, आणि या वेळी पडद्याआडून आईसाहेबांचंही हसू ऐकू आलं.