दोन जिन्यांचा नकाशा

“…मग कापू तरी काय, बुवा?”

भास्करराव कोठावळ्यांनी नकाशा केवलगीर बुवांपुढे पसरला. मठाच्या ओसरीवर वारा असा भन्नाट, की कागदाच्या कोपऱ्यांवर खडे ठेवावे लागले.

भास्करराव पाटबंधारे खात्यातले ओव्हरसीअर. जन्मभर दुसऱ्यांच्या नकाशांत चुका काढल्या, आणि आता निवृत्तीनंतर स्वतःच्या घरामागे दोन मजले वाढवायचे, तर खर्चाचा मेळ काही केल्या बसेना. फंडाचे पैसे पहिल्या स्लॅबलाच संपत होते. जुन्या घरात दोन्ही मुलं, सुना, सगळी दाटीवाटी. परवा थोरला निरंजन बोलून गेला, “अप्पा, जमत नसेल तर आम्ही दोघं भाऊ भाड्याची जागा बघतो.” तेव्हापासून भास्कररावांच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

“खिडक्या कमी केल्यास?” बुवांनी विचारलं.

“केल्या.”

“फरशी?”

“साधीच धरलीय. नकाशा चोख आहे, बुवा. त्यात चूक सापडायची नाही.”

“मला बापड्याला कागदावरचं काय कळतंय! अंगणात आखून दाखव.”

मठाची डागडुजी चालली होती, चुन्याच्या फक्कीचं पोतं कोपऱ्यातच होतं. भास्कररावांनी बाह्या सरसावल्या आणि पायाची आखणी करतात तसं पांढऱ्या रेघांनी अख्खं घर आडोशाच्या अंगणात उतरवलं. घामानं निथळले, पण ऐट काय विचारता!

बुवा दारातून, म्हणजे दोन रेघांमधल्या फटीतून, आत शिरले.

“हा जिना?”

“निरंजनचा.”

“आणि पलीकडचा?”

“मकरंदचा. धाकट्याचा. दोन जिने, दोन स्वयंपाकघरं, पाण्याच्या टाक्यासुद्धा दोन. मधली भिंत अशी जाड, की इकडचा आवाज तिकडे जायचा नाही. उद्या बिनसलं, तर कुणाला कुणासाठी थांबायला नको.”

“बिनसलंय का?”

“छे! अजून एका ताटात जेवतात.”

बुवा त्या जाड भिंतीच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

“सगळ्यांत मोठी जागा भांडणाला दिलीस, भास्करा. आणि ते तर अजून जन्माला यायचंय.”

भास्कररावांची कानशिलं तापली. “तुम्हाला संसार नाही, बुवा, म्हणून बोलता! आमच्या वडिलांनीही अशीच सोय करून ठेवली होती. दादाचं दार पूर्वेला, माझं पश्चिमेला.”

“भांडलात?”

“कधीच नाही.”

“मग?”

“भांडायला आधी भेटावं तर लागतं…”

बोलून गेले आणि आपलेच शब्द ऐकत राहिले. दादा गेला तेव्हा बातमी शेजाऱ्यानं येऊन सांगितली होती. एका छपराखाली राहून, शेजाऱ्यानं!



मग भास्कररावांनी चप्पल काढली आणि मधली भिंत पायानं पुसायला सुरुवात केली. पलीकडचा जिना पुसला, एक टाकी पुसली. स्वयंपाकघरापाशी पाय अडला.

“हे मात्र सुनांना विचारतो,” ते पुटपुटले. बुवांनी मान डोलावली.

खाली बसून भास्कररावांनी बोटांवर हिशेब केला. मग पुन्हा केला. वरची स्लॅब बसत होती, अगदी गिलाव्यासकट! म्हातारा पोरासारखा उडी मारून उठला.

“बसतंय, बुवा! पोरं कुठं जात नाहीत आता! आणि जिना एकच, पण चांगला ऐसपैस करतो. दोघं एका वेळी जातील असा.”

बुवांनी पायाच्या अंगठ्यानं जिन्याची एक रेघ पुसली आणि मूठभर फक्की घेऊन ती पुष्कळ आत नव्यानं ओढली. वरच्या टोकाला जाऊन उभे राहिले.

“चढ.”

भास्करराव निघाले. बुवाही उतरू लागले. मधोमध दोघं समोरासमोर… भास्कररावांना अंग चोरावं लागलं, बुवांना पोट आत घ्यावं लागलं, तोल जातोसं वाटलं तसा बुवांनी त्यांचा दंड घट्ट पकडला. नाकासमोर नाक आलं आणि दोघांनाही हसू आवरेना.

“अहो, फारच अडचणीचा झाला हा!” भास्करराव डोळे पुसत म्हणाले.

“झाला ना?” दंड न सोडता बुवा म्हणाले, “असाच ठेव.”