आईचा तवा आणि दारातलं पीस

उंबऱ्याबाहेरच थांबा जरा. तुम्ही म्हाताऱ्याच्या अंगाखांद्यावरून आलात, केसांत राख आहे. म्हातारा म्हणजे तो समोरचा धुमसता डोंगर. सेंट व्हेरोन बेटावर त्याला नावाने कोणी हाक मारत नाही. माझ्या दाराशी ही कोंबडीची पिसं बांधून टांगली आहेत ना, तशी इथे प्रत्येक दाराला आहेत, आणि खाली कोरलेल्या भोपळ्यात पाणी. आलेल्याची राख आधी पिसाने झाडायची, मग पाणी द्यायचं, आणि नाव विचारायचं ते त्यानंतर. मी मूळची गुहागरकडची. लेकीच्या बाळंतपणाला आले ती इथलीच झाले. ही रीत कशी पडली ते मला शेजारच्या ओदिलबाईंनी सांगितलं, त्यांना त्यांच्या आजीने.

फार मागे, म्हणे, या वरच्या गावात देल्फीन नावाची बाई राहायची. तिची धाकटी बहीण ओझेलीन डोंगराच्या पायथ्याच्या गावात दिलेली. त्यांच्या आईचा एक लोखंडी तवा होता, सुपाहून मोठा. ज्या कंदाचा आपल्याकडे साबुदाणा करतात, त्याच्या भाकऱ्या त्यावर भाजून आईने दोघी मुली वाढवल्या. आईला माती दिली त्याच दिवशी ओझेलीनने तवा उचलून नेला, कुणाला न विचारता. देल्फीनने भर बाजारात आईची शपथ घेतली, "आजपासून तुझं तोंड पाहणार नाही."

ओझेलीनही काही कमी नव्हती. "बरं झालं! तुझ्या कपाळावरच्या आठ्या बघायच्या वाचल्या."

मेलेल्या आईची शपथ मोडली तर ती कबरीत तळमळते, असं इथे मानतात. त्यामुळे वर्षं गेली तरी कोणी मागे सरेना. बाजारात एक दिसली की दुसरी पाठ फिरवायची.

मग म्हातारा जागा झाला. भर दुपारी काळोख पडला. वरून राख आणि भाजलेले दगड पडू लागले. पायथ्याचं गाव अंगावरच्या कपड्यांनिशी वरच्या वाटेला लागलं. देल्फीनच्या अंगणात पावसाच्या पाण्याचा मोठा हौद होता, म्हणून सगळे तिच्याच दाराशी आले. बाप्ये, बाया, पोरं, सगळी एका रंगाची. आईला आपलं पोर ओळखू येईना.

पहिल्याच्या तोंडावर तिने घाईने तांब्याभर पाणी ओतलं, आणि तिथेच चुकलं. ही राख ओली झाली की सिमेंटासारखी धरते. बिचाऱ्याच्या पापण्या चिकटल्या. तो ओरडला, "बाई, डोंगराच्या तावडीतून सुटलो तो तुझ्या हातून मरायला का?" तेव्हा तिने खुराड्यातल्या कोंबडीची पिसं घेतली आणि एकेक तोंड हलक्या हाताने झाडायला बसली.

पीस फिरलं की खालून माणूस निघायचं. कधी सुतार, कधी सुईण, कधी सुतारावर चिडलेली त्याची बायको. प्रत्येकाला ती "ये, आत ये" म्हणायची आणि लगेच त्याच्या खांद्यावरून मागे बघायची.

शेजारणीने विचारलं, "कुणाला शोधतेस गं?"

"कुणाला नाही. रांग किती राहिली ते बघते."

रांग संपत आली. मागचा रस्ता रिकामा दिसायला लागला. देल्फीनने पीस खाली ठेवलं नाही.

तेवढ्यात वळणावर काहीतरी मोठं, काळं हललं. कोणी बाई डोक्यावर पालथा तवा धरून येत होती, आणि तव्याच्या आडोशाला तिच्या झग्याला धरून दोन पोरं. वरून दगड आपटल्याचे ओरखडे तव्यावर दिसत होते. देल्फीनने तवा ओळखला. मग तिने डोळे गच्च मिटून घेतले.

"तवा कुणाचा?"

"आईचा."

"मग तवा आत येऊ दे. शपथ तोंडाची घेतली होती, तव्याची नाही."

"आणि तोंडाचं काय करू? बाहेर ठेवू?"

देल्फीन मिटल्या डोळ्यांनीच तिचं तोंड झाडू लागली. कपाळ झालं. लहानपणी चुलीवर पडल्याची भुवईवरची खूण बोटाला लागली, तिथे पीस जरा थांबलं. पण मिटल्या डोळ्यांना नाक कुठलं दिसायला? पीस सरळ नाकपुडीत गेलं, आणि ओझेलीनला अशी शिंक आली की सगळी राख उडून थोरलीच्या तोंडावर.

दोघी करड्या झाल्या. ओझेलीनने तिच्या हातातलं पीस ओढून घेतलं. "ताई, हलू नको. डोळ्यांत जाईल."

धाकटीने थोरलीचं तोंड झाडलं. राख निघाली तेव्हा देल्फीनचे डोळे उघडे होते. कधी उघडले ते कोणी पाहिलं नाही. आई कबरीत हलली असेलच, तर पाय सैल सोडायला हलली असेल, असं ओदिलबाई म्हणतात.

पायथ्याच्या गावातलं एकही माणूस दगावलं नाही, म्हणे. गाव मात्र राखेखालीच राहिलं. येताना तुम्ही चर्चचं टोक पाहिलंत, ते तिथलं. आजही ज्यांचं बोलणं तुटलंय ती माणसं कपाळाला राख फासून एकमेकांच्या दारात उभी राहतात, आणि घरच्याला पीस उचलावंच लागतं. तवाही आहे, कधी या घरी, कधी त्या घरी. तो नेमका कुणाचा, यावरून आजही दोन्ही घरच्या बाया तावातावाने भांडतात, एकमेकींच्या तोंडाकडे बघत.

हं, आता पुढे या. तुम्ही डोळे मिटा. मी उघडे ठेवते.