सभागृहात ‘बें’ झालं

सिंह मनाला येईल त्याला खायचा, त्या काळातली ही गोष्ट. कंटाळून जनावरांनी सभा स्थापली. सभेच्या मंजुरीशिवाय राजाने कुणाला खायचं नाही, असं ठरलं. सभापती म्हैस झाली, कारण तिला जागेवरून उठवणं कुणालाच जमत नसे.

पहिल्याच दिवशी सिंहाने ठराव मांडला, “आज मी एक शेळी खावी.”

“मंजूर असेल त्यांनी ‘हो’ म्हणा,” म्हैस म्हणाली.

शेळ्या घाबरून ओरडल्या, “बें!”

“हो म्हणाल्या,” सिंह मिशा चाटत म्हणाला.

म्हैस सावकाश रवंथ करत राहिली. मग म्हणाली, “आवाजावरून नीट कळलं नाही. मंजूर असेल त्यांनी राजेसाहेबांच्या शेजारी जाऊन बसा.”

सिंहाशेजारी कुणीच गेलं नाही.

“ठराव फेटाळला.”

“मग मी खाऊ तरी काय?”

“ते पुढच्या अधिवेशनात बघू. तोवर माझ्यातलं थोडं गवत घ्या.”